डिव्हिडंडवर घर किती दिवस चालेल? असा ठेवा हिशेब

जून ते सप्टेंबर या काळात अनेक गुंतवणूकदारांच्या मोबाइलवर बँकेचे छोटे छोटे मेसेज येतात. कुठे 85 रुपये जमा, कुठे 640, कुठे 2,300. कंपन्यांच्या वार्षिक सभा झाल्या की अंतिम लाभांश, म्हणजे फायनल डिव्हिडंड, खात्यात येऊ लागतो. मेसेज बघून बरं वाटतं. पण पुढे याच पैशांच्या भरवशावर नोकरी सोडायचा विचार असेल, तर हिशेब अंदाजाने ठेवून चालत नाही. तो नेमका कसा ठेवायचा?

‘500 टक्के डिव्हिडंड’ म्हणजे किती?

बातमीतला हा टक्का शेअरच्या बाजारभावावर नसतो, दर्शनी मूल्यावर असतो. दर्शनी मूल्य 1 रुपया असेल, तर 500 टक्के म्हणजे प्रतिशेअर फक्त 5 रुपये. त्यामुळे टक्के सोडा, प्रतिशेअर रुपये लिहा. रेकॉर्ड डेटला तुमच्या नावावर जितके शेअर असतील, तितक्यांचाच डिव्हिडंड मिळतो.

बँकेत आलेली रक्कम हेच उत्पन्न का?

नाही. 1 एप्रिल 2020पासून डिव्हिडंडवरचा कर गुंतवणूकदाराला भरावा लागतो. एका कंपनीकडून आर्थिक वर्षात 10,000 रुपयांपेक्षा जास्त डिव्हिडंड मिळाला, तर 10 टक्के टीडीएस कापला जातो. एप्रिल 2025च्या आधी ही मर्यादा 5,000 रुपये होती. समजा, 12,000 रुपये डिव्हिडंड आहे. खात्यात येतील 10,800. पण रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून 12,000 दाखवायचे असतात, कापलेले 1,200 तुमच्या करात धरले जातात.

इथे अनेकांची गफलत होते. टीडीएस कापला नाही म्हणजे डिव्हिडंड करमुक्त, असं नसतं. 85 रुपयेही उत्पन्नातच धरायचे. म्हणून एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये एवढे रकाने हवेत : तारीख, कंपनी, शेअरची संख्या, प्रतिशेअर रक्कम, एकूण डिव्हिडंड, टीडीएस आणि खात्यात जमा. आयकर पोर्टलवरच्या एआयएसशी हा तक्ता वर्षातून एकदा तरी ताडून पाहा.

विशेष डिव्हिडंड वेगळा का लिहायचा?

आयटीसीचं उदाहरण बघा. 2022-23 या वर्षासाठी कंपनीने प्रतिशेअर एकूण 15.50 रुपये दिले, 2023-24साठी 13.75 आणि 2024-25साठी 14.35. वरवर पाहता दुसऱ्या वर्षी डिव्हिडंड घटला. प्रत्यक्षात पहिल्या वर्षीच्या रकमेत 2.75 रुपये विशेष डिव्हिडंड होता. तो बाजूला काढला, तर आकडे होतात 12.75, 13.75 आणि 14.35. म्हणजे नियमित डिव्हिडंड वाढतच होता. विशेष डिव्हिडंड दिवाळीच्या बोनससारखा असतो. आला तर आनंद, पण त्यावर किराणा ठरवायचा नाही. त्यासाठी ‘नियमित की विशेष’ असा आणखी एक रकाना ठेवा.

म्युच्युअल फंडाच्या आयडीसीडब्ल्यू पर्यायातून येणारे पैसेही यात मिसळू नका. ते फंडाच्या एनएव्हीमधूनच वजा होतात आणि त्यात तुमच्याच भांडवलाचा भाग असू शकतो.

प्रगती मोजायची कशी?

महिन्यागणिक तुलना करू नका. ऑगस्टमध्ये खात्यात गर्दी आणि डिसेंबरमध्ये शुकशुकाट, हे ठरलेलंच. मागच्या सलग 12 महिन्यांची बेरीज घ्या आणि तिचं रूपांतर दिवसांत करा.

समजा, घरखर्च महिना 40,000 रुपये आहे आणि वर्षाचा नियमित डिव्हिडंड 36,000. म्हणजे डिव्हिडंडवर घर 27 दिवस चालतं. पण तुम्ही 20 टक्के कराच्या टप्प्यात असाल, तर सेससह 7,488 रुपये करात जातील. उरले 28,512, म्हणजे जेमतेम 21 दिवस. हाच खरा आकडा. दरवर्षी वाढलेला घरखर्च धरून तो पुन्हा काढा. डिव्हिडंड वाढला आणि दिवस मात्र तेवढेच राहिले, तर महागाई तुमच्याबरोबरच धावते आहे, हे लगेच कळतं.

365 दिवस गाठायला किती भांडवल लागेल?

निफ्टी 50चा डिव्हिडंड यील्ड गेल्या काही वर्षांत साधारण 1 ते 1.5 टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. 1.5 टक्के धरला, तरी वर्षाला 4 लाख 80 हजार रुपये मिळवायला 3 कोटी 20 लाखांचं भांडवल लागतं, तेही कर वगळून. हा आकडा बघितला की जास्त यील्डच्या शेअरमागे धावायचा मोह होतो. पण शेअरचा भाव कोसळला की जुन्या डिव्हिडंडवर काढलेला यील्ड आपोआप फुगलेला दिसतो. पुढच्या वर्षी तेवढाच डिव्हिडंड मिळेल, याची हमी नसते.

न आलेल्या पैशांचं काय?

डिव्हिडंड घोषित झाल्यापासून 30 दिवसांत कंपनीने तो द्यायचा असतो. डिमॅटशी जोडलेलं बँक खातं बंद झालं असेल, तर पैसे अडकतात आणि ‘जमा झाले नाहीत’ असा मेसेज बँक पाठवत नाही. सात वर्षं दावा केला नाही, तर ही रक्कम गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जाते. सलग सात वर्षं असंच झालं, तर शेअरही तिकडे वर्ग होतात. अर्ज करून ते परत मिळवता येतात, पण कागदपत्रांचा खटाटोप करावा लागतो.

म्हणून तक्त्यात ‘अपेक्षित तारीख’ हाही रकाना टाका. तारीख उलटून गेली आणि रकमेची जागा रिकामीच असेल, तर आधी डिमॅटमधलं बँक खातं तपासा आणि मग कंपनीच्या रजिस्ट्रारला ई-मेल करा. 21 दिवसांचे 22 करायला नवे शेअरच घ्यावे लागतात असं नाही. कधी कधी अडकलेले पैसे सोडवले तरी पुरतं.