घर मिळाले, ऊन मिळाले का?

आपल्या भागातून पोटासाठी मुंबईला गेलेली अनेक कुटुंबे झोपडपट्टीत राहतात. त्यांना पक्के घर मिळाल्याचा निरोप आला की गावाकडे आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. घरात नळ आला, संडास आला, पावसाळ्यात छप्पर गळण्याची भीती गेली. डॉक्टर म्हणून मी मात्र आणखी एक चौकशी करतो. त्या घरात ऊन येते का? वारा खेळतो का?

शासनाच्या धोरणात घराचे माप वेळोवेळी बदलले. १९९१ च्या योजनेत झोपडीवासीयाला १८० चौरस फुटांचे घर मिळे. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली आणि ते २२५ झाले, २००८ मध्ये २६९ आणि २०१८ च्या नियमावलीत ३००. घर मोफत द्यायचे, तर थोड्या जागेत जास्त घरे बसवावी लागतात. म्हणून अशा इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत मिळाली.

या सवलतीचा परिणाम गोवंडी-मानखुर्द भागात दिसला. रस्ते व रेल्वे प्रकल्पांत घरे गेलेल्या कुटुंबांसाठी तेथे लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड या वसाहती उभ्या राहिल्या. काही इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या दोन वसाहतींत क्षयाचे रुग्ण बरेच जास्त आढळले, तेही खालच्या मजल्यांवर अधिक. जवळच्याच पीएमजीपी वसाहतीत इमारतींमध्ये अंतर जास्त आहे. तेथे हे प्रमाण कमी होते.

असे का व्हावे? क्षयाचा रुग्ण खोकला की जंतू हवेत मिसळतात. कोंदट खोलीत ते काही तास तरंगत राहतात. वारा खेळता असला की ते विरळ होतात, आणि उन्हात मरतात. अपुरे पोषण व दाटी यांचाही वाटा असतोच. पण दोन इमारतींतले अंतर कागदावर कमी झाले, की त्याची किंमत फुप्फुसांना मोजावी लागते.

आपल्याकडेही घरकुले होत आहेत. २०१६ पासून ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर झाले. माप वाढले ही चांगली गोष्ट, पण खिडकी कोठे ठेवायची हे पाया खोदण्यापूर्वीच ठरवा. समोरासमोर दोन खिडक्या ठेवा. चुलीचा वा गॅसचा धूर बाहेर जाण्यास वाट हवी. शेजारच्या भिंतीला खेटून बांधू नका.

घर अंधारे असेलच, तर दिवसा खिडक्या उघड्या ठेवा. त्यांच्यासमोर कपाट वा सामान रचू नका. खोकताना तोंडावर रुमाल धरा. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, सायंकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन घटले, तर थुंकी तपासून घ्या. तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असताना आहारासाठी महिना १,००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. साध्या क्षयाचा उपचार बहुधा सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका.

घराची चावी हाती घेताना चौरस फूट मोजतो, तशा खिडक्याही मोजाव्यात.