लासिक शस्त्रक्रिया

लासिक ही डोळ्याच्या पारपटलाचा आकार लेझर किरणांच्या साहाय्याने बदलून दृष्टिदोष कमी करणारी शस्त्रक्रिया आहे. निकटदृष्टिता, दूरदृष्टिता आणि दृष्टिवैषम्य (व्यवहारातील 'सिलिंड्रिकल नंबर') या तीन दोषांसाठी ती केली जाते. बोलीभाषेत तिला 'चष्म्याचा नंबर काढणे' असे म्हणतात. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया काही मिनिटांची असली, तरी पारपटलाचा जो अंश लेझरने काढला जातो तो पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे ती कोणी करावी आणि कोणी करू नये हे ठरवणारी पूर्वतपासणी शस्त्रक्रियेइतकीच महत्त्वाची मानली जाते.

नाव

'लासिक' हे 'लेझर-असिस्टेड इन सिटू केरॅटोमिल्यूसिस' या नावाचे आद्याक्षरी रूप आहे. 'इन सिटू' म्हणजे लॅटिनमध्ये 'जागच्या जागी' आणि 'केरॅटोमिल्यूसिस' म्हणजे ग्रीक मुळांनुसार 'पारपटल कोरून घडवणे'.

कार्यतत्त्व

डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वप्रथम पारपटलावर वळतो. डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी सुमारे ४३ डायॉप्टर शक्ती एकट्या पारपटलाची असते, उरलेली नेत्रभिंगाची. निकटदृष्टितेत नेत्रगोल बहुधा प्रमाणापेक्षा लांब असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. चष्म्यातील अंतर्वक्र भिंग ही प्रतिमा मागे ढकलते. लासिकमध्ये हेच काम पारपटलाचा मध्यभाग किंचित सपाट करून साधले जाते. दूरदृष्टितेत मध्यभागाभोवतीचा कडेचा भाग कोरून मध्य अधिक फुगीर केला जातो, तर दृष्टिवैषम्यात एका दिशेने कमी व दुसऱ्या दिशेने अधिक कोरून वक्रता सारखी केली जाते.

यासाठी १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, अतिनील पट्ट्यातील एक्सायमर लेझर वापरतात. त्याचे किरण ऊतीतील रेणूंचे बंध तोडतात, मात्र शेजारच्या ऊतीला लक्षणीय उष्णता पोहोचत नाही. लेझरच्या एका स्पंदाने सुमारे पाव मायक्रॉन जाडीचा थर निघतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन असते, यावरून ही अचूकता लक्षात येईल.

इतिहास

पारपटलाचा आकार बदलून दृष्टी सुधारण्याची कल्पना कोलंबियातील बोगोटा येथील नेत्रतज्ज्ञ होसे बाराकेर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मांडली व पुढे विकसित केली. १९७०च्या दशकात मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी पारपटलावर पात्याने अरीय छेद देण्याची पद्धत रूढ केली. तिचा परिणाम पुढील वर्षांत बदलत राही, म्हणून लेझर आल्यानंतर ती मागे पडली.

लेझरच्या वापराला एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या संशोधनातून वाट मिळाली. मद्रास येथे जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएम संस्थेत जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम यांच्यासह एक्सायमर लेझरवर काम करीत होते. थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर हा किरण टाकला असता आजूबाजूची ऊती न होरपळता स्वच्छ खाच पडते, असे त्यांना आढळले. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्या सहकार्याने पारपटलावर प्रयोग केले. १९८८ मध्ये मार्गारेट मॅकडॉनल्ड यांनी मानवी डोळ्यावर पीआरके ही शस्त्रक्रिया केली. पारपटलाचा पापुद्रा उचलून त्याखाली लेझर वापरण्याच्या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९८९ मध्ये घोलाम पेमन यांना मिळाले आणि १९९०च्या सुमारास ग्रीसमधील क्रीट येथे इओआनिस पालिकारिस यांनी या पद्धतीला आजचे स्वरूप व नाव दिले. श्रीनिवासन, विन व ब्लम यांना २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय तंत्रज्ञान व नवोन्मेष पदक प्रदान करण्यात आले.

पद्धती

* लासिक : पारपटलावर सुमारे १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा तयार करून तो पुस्तकाच्या पानाप्रमाणे बाजूला उलटतात, खालच्या थरावर लेझर वापरतात व पापुद्रा पुन्हा जागेवर बसवतात. हा पापुद्रा पूर्वी यांत्रिक पात्याने कापत. आता बहुतेक ठिकाणी त्यासाठी फेम्टोसेकंद लेझर वापरतात.
* पीआरके : यात पापुद्रा नसतो. सर्वांत वरचा पेशींचा थर दूर करून थेट लेझर वापरला जातो. तो थर काही दिवसांत पुन्हा वाढतो. वेदना अधिक असतात आणि दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. परंतु पापुद्रा सरकण्याचा धोका नसतो. पारपटल काहीसे पातळ असल्यास किंवा डोळ्याला मार लागण्याचा संभव असलेल्या खेळांत व व्यवसायांत ही पद्धत सुचवली जाते.
* स्माइल : फेम्टोसेकंद लेझरने पारपटलाच्या आत एक पातळ चकती आखून ती २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. ही पद्धत मुख्यतः निकटदृष्टितेसाठी वापरली जाते. अमेरिकेत तिला २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

पात्रता

रुग्णाचे वय किमान १८ वर्षे असावे आणि चष्म्याचा नंबर किमान वर्षभर स्थिर असावा. नंबर वाढत असताना शस्त्रक्रिया केल्यास तो नंतरही वाढत राहतो व पुन्हा चष्मा लागतो. गर्भारपणात व स्तनपानाच्या काळात नंबर तात्पुरता बदलू शकत असल्याने शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. डोळ्यांचा तीव्र कोरडेपणा, अनियंत्रित मधुमेह, संधिवातासारखे प्रतिकारशक्तीशी निगडित विकार, पारपटलाला पूर्वी झालेला नागिणीचा संसर्ग, काचबिंदू किंवा मोतीबिंदू असल्यास शस्त्रक्रिया टाळतात किंवा विशेष विचार करूनच करतात.

केरॅटोकोनस हा विकार असल्यास लासिक करीत नाहीत. यात पारपटल हळूहळू पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते. त्याची सुरुवात बहुधा किशोरवयात किंवा विशीत होते, म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार होतो त्याच वयात. सिलिंड्रिकल नंबर भराभर वाढणे, डोळे वारंवार चोळण्याची सवय किंवा घरात कोणाला हा विकार असणे, या गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात.

जाडीचे गणित

सामान्य पारपटलाची मध्यभागी जाडी सुमारे ५४० मायक्रॉन असते. एक डायॉप्टर नंबर काढण्यासाठी साधारणतः १२ ते १५ मायक्रॉन ऊती काढावी लागते. शस्त्रक्रियेनंतर पापुद्र्याखाली किमान २५० मायक्रॉन थर शिल्लक राहावा असा संकेत आहे. अनेक डॉक्टर ३०० मायक्रॉनचा आग्रह धरतात.

पारपटल ५४० मायक्रॉन, पापुद्रा ११०, नंबर उणे ६ आणि प्रति डायॉप्टर १४ मायक्रॉन असे धरल्यास ८४ मायक्रॉन ऊती निघेल व ३४६ मायक्रॉन शिल्लक राहील. मात्र पारपटल ४८० मायक्रॉन आणि नंबर उणे ९ असल्यास १२६ मायक्रॉन निघून केवळ २४४ मायक्रॉन उरेल. अशा रुग्णाला लासिकसाठी नकार मिळतो. असा नकार म्हणजे डोळ्यांत रोग असल्याचे निदान नव्हे. त्या पारपटलात कोरण्याइतकी जाडी नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा व्यक्तीसाठी नेत्रभिंगापुढे अतिरिक्त भिंग बसवण्याची शस्त्रक्रिया हा पर्याय असू शकतो.

पूर्वतपासणी

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स तपासणीपूर्वी एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स किमान तीन ते चार आठवडे बंद ठेवाव्या लागतात, कारण त्यांच्या दाबाने पारपटलाचा आकार बदललेला असतो. तपासणीत पारपटलाचा वक्रतानकाशा, जाडी, अश्रूंचे प्रमाण, अंधारातील बाहुलीचा आकार आणि डोळ्यातील दाब मोजतात. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, नंबर पुन्हा मोजतात व दृष्टिपटल कडेपर्यंत पाहतात. या थेंबांमुळे काही तास जवळचे अंधुक दिसते व उजेड सहन होत नाही, म्हणून सोबत कोणी असावे व स्वतः वाहन चालवू नये.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

डोळ्यांना काजळ, सौंदर्यप्रसाधने व अत्तर लावून जाऊ नये. रुग्णाला पूर्ण भूल देत नाहीत. डोळा बधिर करणारे थेंब पुरेसे असतात. पापण्या उघड्या ठेवण्यासाठी लहान चिमटा बसवतात, त्यामुळे उघडझाप होण्याची भीती नसते. पापुद्रा तयार करताना डोळ्यावर दाब जाणवतो आणि काही क्षण दृष्टी मंदावते किंवा अंधारते. हे अपेक्षित असते.

त्यानंतर रुग्णाने एका लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राहायचे असते. लेझर चालू असताना टकटक आवाज येतो आणि केस जळाल्यासारखा वास येऊ शकतो. डोळा किंचित हलला तरी यंत्र त्याचा मागोवा घेते, आणि अधिक हलल्यास लेझर थांबतो. एका डोळ्यासाठी लेझर बहुधा एक मिनिटापेक्षा कमी वेळ चालतो. दोन्ही डोळ्यांचे काम साधारण अर्ध्या तासात संपते. टाके घालावे लागत नाहीत. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

नंतरची काळजी

पहिले काही तास डोळ्यांत आग होणे, पाणी येणे व खडा गेल्यासारखे खुपणे हे सामान्य असते. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना चष्म्याविना चांगले दिसू लागते. दृष्टी पूर्ण स्थिरावण्यास काही आठवडे ते तीन महिने लागू शकतात. पीआरकेनंतर चार-पाच दिवस संरक्षक लेन्स डोळ्यात ठेवतात.

प्रतिजैविक, स्टेरॉइड आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब सांगितलेल्या मुदतीतच वापरावेत. स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने लांबवल्यास डोळ्यातील दाब वाढू शकतो. सुरुवातीला झोपताना डोळ्यांवर संरक्षक कवच लावतात. डोळे चोळू नयेत. आठवडाभर न्हाताना डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नये. पोहणे, विहीर-तलावातील स्नान व रंग खेळणे डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत टाळावे. वाढती वेदना, वाढती लाली, पू किंवा एकाएकी अंधुक दिसणे ही तातडीने दाखवण्याची लक्षणे आहेत.

दुष्परिणाम

डोळ्यांचा कोरडेपणा हा सर्वांत आढळणारा दुष्परिणाम आहे. पापुद्रा कापताना पारपटलाच्या संवेदी मज्जातंतूंचे धागे तुटतात व अश्रू स्रवण्याची सूचना मंदावते. बहुतेकांत हा त्रास सहा ते बारा महिन्यांत ओसरतो, काहींत टिकून राहतो. रात्री दिव्यांभोवती वलये किंवा किरणे दिसणे, अंधुक उजेडात स्पष्टता कमी होणे, नंबर थोडा शिल्लक राहणे किंवा प्रमाणापेक्षा अधिक निघणे, हेही आढळते. संसर्ग, पापुद्रा सरकणे व त्याखाली दाह होणे या गुंतागुंती कमी प्रमाणात आढळतात. पारपटल कमकुवत होऊन पुढे फुगणे ही दुर्मीळ पण गंभीर गुंतागुंत आहे. तिची वाढ रोखण्यासाठी पारपटलातील कोलॅजन तंतूंचे बंध दृढ करणारा उपचार करतात.

मर्यादा

लासिकमुळे चाळिशी टळत नाही. चाळिशीत नेत्रभिंगाची लवचिकता कमी होते. लासिक मात्र पारपटलावर केले जाते. उलट, उणे नंबर असलेली व्यक्ती उतारवयात चष्मा काढून वाचू शकते, ती सोय लासिकनंतर राहत नाही.

निकटदृष्टितेतील नेत्रगोलाची वाढलेली लांबीही तशीच राहते. नंबर गेला तरी लांब डोळ्याचे दृष्टिपटल ताणलेलेच असते आणि ते फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका कायम असतो. डोळ्यापुढे विजा चमकणे, एकाएकी पुष्कळ काळे ठिपके तरंगणे किंवा बाजूने पडदा आल्यासारखे वाटणे, असे झाल्यास लासिक झालेल्या व्यक्तीनेही त्याच दिवशी दृष्टिपटल तपासून घ्यावे.

पारपटल पातळ झाल्याने डोळ्यातील दाब यंत्रावर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. मोतीबिंदूच्या वेळी बसवायच्या कृत्रिम भिंगाची शक्ती नेहमीच्या सूत्रांनी चुकू शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, वक्रता व जाडीच्या नोंदी आयुष्यभर जपून ठेवाव्यात आणि पुढे प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला लासिक झाल्याचे सांगावे. नेत्रदानाची इच्छा असलेल्यांनाही ती बाळगता येते. असे पारपटल पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणासाठी सहसा घेत नाहीत, पण त्याच्या आतील थराचा उपयोग होऊ शकतो.

नोकरभरती

सैन्यदले, पोलीस व रेल्वे यांतील काही पदांसाठी या शस्त्रक्रियेबाबत स्वतंत्र नियम असतात. भारतीय रेल्वेच्या भरती सूचनांत लोको पायलटसारख्या पदांसाठी लासिक झालेल्या उमेदवारांना अपात्र ठरवलेले आढळते. सैन्यदलांच्या काही शाखांत वय, शस्त्रक्रियेनंतरचा काळ व शिल्लक नंबर यांच्या अटींवर ती चालते. नियम पदानुसार व वेळोवेळी बदलतात. शस्त्रक्रिया झाल्याचे तपासणीत ओळखता येते व ती पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे अशा पदांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्या पदाची वैद्यकीय पात्रता आधी वाचावी व मगच निर्णय घ्यावा.

हेही पाहा

* निकटदृष्टिता
* पारपटल
* मोतीबिंदू
* नेत्रदान