पॅकेजमध्ये नसलेली तपासणी

मार्चचा पहिला आठवडा आला की शहरातल्या लॅबच्या जाहिराती गुलाबी होतात. महिला आरोग्य पॅकेज, साठ-सत्तर तपासण्या, घरी येऊन रक्त नेणार, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, व्हिटॅमिन डी तर त्यात असतेच. थोडे जास्त पैसे भरले की 'कॅन्सर मार्कर'ही मिळतात: अंडाशयासाठी सीए-१२५, स्तनासाठी सीए १५-३, आतड्यासाठी सीईए, स्वादुपिंडासाठी सीए १९-९. आयुष्यभर स्वतःच्या दुखण्याकडे काणाडोळा केलेल्या आईला मुले हे पॅकेज प्रेमाने भेट देतात. त्या प्रेमाबद्दल मला काहीच म्हणायचे नाही. त्या पैशांतून नेमके काय हाती लागते, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे.

काहीही त्रास नसलेल्या सर्वसामान्य बाईचे रक्त घेऊन हे मार्कर तपासल्याने तिचा जीव वाचतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. सीए-१२५ च्या बाबतीत तर तो वाचत नाही, हेच लाखो स्त्रियांवरच्या अभ्यासांतून दिसले आहे. उलट ज्या तपासणीने बायकांचे जीव खरोखर वाचले, तिचा पुरावा मुंबईच्या वस्त्यांत आणि उस्मानाबादच्या खेड्यांत जमा झाला. ती तपासणी या रक्ताच्या पॅकेजमध्ये नसते.

सीए-१२५ म्हणजे काय, इथून सुरुवात करू. १९८१ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींना चिकटणारे एक प्रतिपिंड तयार केले. ते ज्या रेणूला चिकटते, तो सीए-१२५. दोन वर्षांनी त्यांनी त्याची रक्तातली पातळी मोजून दाखवली. अंडाशयाचा कर्करोग झालेल्या १०१ रुग्णांपैकी ८२ टक्के जणींत ती ३५ युनिटच्या वर होती आणि ८८८ निरोगी लोकांपैकी फक्त एक टक्का लोकांत. आज प्रत्येक रिपोर्टवर छापलेली ३५ ची मर्यादा तिथून आली आहे.

पण हा रेणू कर्करोगाची खासियत नाही. पोटातल्या अवयवांवरचे पातळ आवरण, फुप्फुसाभोवतीचे आवरण, हृदयाभोवतीचे आवरण, गर्भाशयाचे अस्तर, या सगळ्यांच्या पेशी तो बनवतात. त्यांपैकी कुठेही दाह झाला, सूज आली, पाणी साठले की रक्तातली पातळी चढते. पाळी चालू असताना ती वाढते, गरोदरपणात वाढते. एंडोमेट्रिओसिस, फायब्रॉइड, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, लिव्हर सिऱ्हॉसिस, अगदी हृदय कमकुवत होऊन अंगात पाणी साठले तरी वाढते. आपल्याकडे याहून महत्त्वाचे कारण आहे पोटाचा टीबी. त्यात पोटात पाणी होते, वजन घटते आणि सीए-१२५ शेकड्यांत जाऊ शकते. हुबेहूब पसरलेल्या अंडाशयाच्या कर्करोगासारखे चित्र दिसते, आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या बाईला घरचे मनातल्या मनात निरोप देऊन बसलेले असतात.

दुसरी बाजूही तितकीच दुबळी आहे. कर्करोग पहिल्या टप्प्यात, म्हणजे अंडाशयापुरताच असताना, साधारण निम्म्या रुग्णांत सीए-१२५ ची पातळी वाढलेलीच नसते. लवकर निदान व्हावे म्हणून जी चाचणी करायची, ती नेमकी लवकरच्या टप्प्यातच डोळा चुकवते.

आता थोडा हिशेब. पन्नाशी ओलांडलेल्या, कसलाही त्रास नसलेल्या दहा हजार बायका घेऊ. या वयात अडीच हजारांमागे एखादीला अंडाशयाचा कर्करोग असतो असे तज्ज्ञ हिशेबासाठी धरतात, म्हणजे या दहा हजारांत चार जणी. त्यांतल्या दोन किंवा तीन चाचणीत सापडतील. उरलेल्या बायका निरोगी आहेत, पण त्यांतल्या एक टक्का जणींची पातळी ३५ च्या वर येणार, म्हणजे सुमारे शंभर. मोबाइलवर 'सीए-१२५ : ४८.६' आणि शेजारी ठळक 'एच' असा रिपोर्ट या शंभर जणींनाही येतो. त्या क्षणी कोण शंभरांतली आणि कोण तिघींतली, हे लॅबला माहीत नसते, डॉक्टरांनाही नसते. मग सोनोग्राफी, सीटी स्कॅन, कॅन्सर हॉस्पिटलच्या चकरा, झोप उडालेल्या रात्री. चाळिशीतल्या, पाळी चालू असलेल्या बाईत तर हे प्रमाण आणखी बिघडते. तिथे कर्करोग कमी आणि पातळी वाढवणारी इतर कारणे जास्त असतात.

हिशेब चुकतो, अनुभव काही वेगळेच सांगेल, असे कुणी म्हणू नये म्हणून दोन प्रचंड अभ्यास झाले. अमेरिकेत ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ स्त्रियांना दोन गटांत विभागले. एका गटाला दरवर्षी सीए-१२५ आणि योनीमार्गातून सोनोग्राफी, दुसऱ्या गटाला नेहमीची वैद्यकीय सेवा. २०११ मध्ये निकाल आला. तपासणीच्या गटात अंडाशयाच्या कर्करोगाने ११८ मृत्यू, दुसऱ्या गटात १००. जीव वाचले नाहीत. मात्र ३,२८५ स्त्रियांना कर्करोग नसताना संशयाचा निकाल मिळाला, त्यांतल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि त्या निरोगी बायकांपैकी १६३ जणींना शस्त्रक्रियेची किमान एक गंभीर गुंतागुंत भोगावी लागली.

ब्रिटनमधला अभ्यास याहून मोठा आणि हुशारीने आखलेला होता. २००१ ते २००५ या काळात दोन लाखांहून अधिक स्त्रिया त्यात दाखल झाल्या. तिथे सीए-१२५ चा एक आकडा न बघता तो वर्षागणिक कसा चढतो याचा आलेख बघितला. उषा मेनन आणि इयन जेकब्स यांच्या या अभ्यासाकडून जगाला फार आशा होती. २०२१ मध्ये शेवटचा निकाल जाहीर झाला. आलेखाच्या पद्धतीने पहिल्या टप्प्यातले कर्करोग जास्त सापडले, चौथ्या टप्प्यातले कमी झाले, आणि तरीही मृत्यू कमी झाले नाहीत.

लवकर सापडूनही फायदा का नाही? याचे एक कारण या कर्करोगाच्या जन्मस्थानात असावे. अंडाशयाच्या सर्वांत घातक प्रकाराचे अनेक कर्करोग मुळात बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतात, असे आता मानले जाते. ते टोक पोटाच्या पोकळीत उघडे असते. गाठ सोनोग्राफीत दिसण्याएवढी होण्यापूर्वीच तिथल्या पेशी गळून पोटभर पसरू शकतात. आजार जात्याच जहाल असेल, तर तो थोडा आधी कळल्याने शेवट बदलतोच असे नाही.

'जास्त तपासण्या म्हणजे जास्त सुरक्षा' ही समजूत किती महाग पडू शकते, हे दक्षिण कोरियाने दाखवले. तिथे १९९९ मध्ये सरकारी कर्करोग तपासणी सुरू झाली. थायरॉइडची तपासणी तिच्यात नव्हती, पण हॉस्पिटले थोडे जास्त पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफी जोडून देऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या तुलनेत पंधरापट झाले. त्या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक जणांना हे निदान मिळाले, आणि थायरॉइड कर्करोगाने होणारे मृत्यू होते तिथेच राहिले. ज्या बारीक गाठी आयुष्यभर निमूट बसल्या असत्या, त्या शोधून काढल्या गेल्या. निदान झालेल्या जवळपास सगळ्यांच्या थायरॉइडवर शस्त्रक्रिया झाली. बहुतेकांना जन्मभर गोळी लागली, काहींचा आवाज गेला. अखेर तिथल्याच डॉक्टरांच्या एका गटाने २०१४ मध्ये या तपासणीविरुद्ध आवाज उठवला.

आता आपल्या मातीतली गोष्ट. १९९८ मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी, अशा चार फेऱ्या. तपासणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. शालेय शिक्षण झालेल्या, या कामासाठी खास शिकवून तयार केलेल्या त्या आरोग्य सेविका होत्या. त्यांच्या हातात होती कापसाची काडी आणि सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमधलेच आम्ल.

ही तपासणी जवळून बघण्यासारखी आहे. गर्भाशयमुखाला ते द्रावण लावून साधारण मिनिटभर थांबतात. निरोगी पेशी गुलाबीच राहतात. कर्करोगाकडे वाटचाल करणाऱ्या पेशींची केंद्रके मोठी असतात आणि त्यांत प्रथिने दाटलेली असतात. आम्लाने ती प्रथिने तात्पुरती गोठतात, प्रकाश आत शिरण्याऐवजी परत फिरतो आणि तिथे पांढरा चट्टा उमटतो. कडा ठळक असलेला, दाट पांढरा चट्टा दिसला की बाईला पुढच्या तपासणीला पाठवायचे. काही मिनिटांत तो विरून जातो. यंत्र नको, लॅब नको, निकाल तिथल्या तिथे.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. याच अभ्यासात सेविका हाताने स्तनांचीही तपासणी करत होत्या. त्याचे वीस वर्षांचे निकाल २०२१ मध्ये आले. पुढच्या टप्प्यात पोचलेले स्तनाचे कर्करोग तपासणीच्या गटात कमी आढळले. सगळ्या वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतली घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांत ती तीस टक्क्यांच्या जवळ गेली. या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले: उरलेल्या निम्म्या वस्त्यांतल्या बायकांना तपासणी का दिली नाही? तो प्रश्न रास्त आहे. त्या बायकांचे ऋण आपल्यावर आहे, आणि त्यांच्यामुळे मिळालेले उत्तर न वापरणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल.

दुसरा अभ्यास उस्मानाबाद जिल्ह्यातला, आजच्या धाराशिवमधला. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियल यांनी एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साथीने तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, ५२ गावगट. काहींना व्हिनेगरची तपासणी, काहींना पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, काहींना या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूची डीएनए चाचणी, चौथ्या गटाला नेहमीची सेवा. आठ वर्षांनी पाहिले तर आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे केले होते. नेहमीच्या सेवेच्या गटात ६४ बायका दगावल्या, एचपीव्हीच्या गटात ३४. एकदाच केलेल्या पॅप स्मिअरने किंवा व्हिनेगरच्या तपासणीने इथे असा स्पष्ट फरक पडला नाही. २००९ मध्ये हा निकाल आला. आज जागतिक आरोग्य संघटना जगभरातल्या बायकांसाठी तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते, त्यामागच्या पुराव्यात धाराशिवच्या शेतमजूर बायकांचा वाटा फार मोठा आहे.

आणि आपल्याकडची स्थिती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. स्तनांची तपासणी झालेल्या एक टक्काही नाहीत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि ८० हजारांच्या आसपास दगावतात. हा कर्करोग होण्याआधी दहा-पंधरा वर्षे चाहूल देतो. हे मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत, म्हणूनच ते अधिक जिव्हारी लागतात.

पॅकेजमध्ये ही तपासणी का नसते, याचे उत्तर साधे आहे. रक्त दारात उभे राहून पाच मिनिटांत घेता येते आणि एकाच नमुन्यावर यंत्र पन्नास चाचण्या करते. गर्भाशयमुख बघायला आडोसा लागतो, टेबल लागते, उजेड लागतो, हलक्या हाताची आणि हलक्या बोलण्याची एक बाई लागते. बायकांचा संकोचही मोठा आहे, आणि तो समजून घ्यायला हवा. एचपीव्ही चाचणीने मात्र यातून एक वाट काढली आहे. छोट्या ब्रशने किंवा काडीने बाई स्वतःचा नमुना स्वतः घेऊ शकते. मार्कर वगळून त्या जागी हा एक नमुना ठेवायला कोणत्याही लॅबला हरकत नसावी, आणि ग्राहक म्हणून आपण तो मागायला हवा.

मार्कर टाकाऊ आहेत असे मात्र नाही. अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या बाईच्या केमोथेरपीला यश येते आहे का, हे उतरत्या सीए-१२५ वरून कळते. पाळी गेलेल्या बाईच्या सोनोग्राफीत गाठ दिसली तर ती कितपत संशयास्पद हे ठरवायला मदत होते. पन्नाशीनंतर पोट सतत फुगलेले वाटणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे, ही नवी लक्षणे महिन्यात दहा-बारा वेळा जाणवत असतील, तर ही चाचणी जरूर करावी. ते स्क्रीनिंग नव्हे, निदानाचा प्रयत्न असतो. तसेच आई, मावशी, बहीण यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर पॅकेज घेण्याआधी जनुकीय सल्लागाराला भेटावे. बीआरसीए-१ जनुकात दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यात अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. तिच्यासाठी वेगळी आखणी लागते, अंडाशय आणि बीजवाहिन्या वेळीच काढून टाकण्याचा पर्यायही त्यात येतो.

ज्यांच्या हातात वाढलेल्या सीए-१२५ चा रिपोर्ट आधीच आहे, त्यांनी थेट कॅन्सर हॉस्पिटल गाठण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. रक्त दिले तेव्हा पाळी चालू होती का, हे सांगावे. जुना खोकला, संध्याकाळचा ताप, घरात टीबीचा रुग्ण, असे काही असेल तर तेही सांगावे. आतून तपासणी आणि एक चांगली सोनोग्राफी करून घ्यावी. त्यात काही सापडले नाही, तर डॉक्टर ठरवतील त्या अवधीनंतर, पाळीचे दिवस टाळून, चाचणी त्याच लॅबमध्ये पुन्हा करावी. आकडा स्थिर असेल किंवा उतरला असेल तर कर्करोगाची शक्यता फारच कमी. आणि डॉक्टरांच्या टेबलावर तपासणीसाठी गेलाच आहात, तर गर्भाशयमुखाची एचपीव्ही चाचणी त्याच भेटीत मागून घ्या.