मीटर म्हणतं 182, सेन्सर म्हणतो 156

दंडाच्या मागच्या बाजूला सतत साखर दाखवणारा सेन्सर चिकटला की बहुतेक घरांत पुढची पायरी ठरलेली असते. कपाटातलं जुनं ग्लुकोमीटर बाहेर येतं, बोट टोचलं जातं आणि दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले जातात. मीटरवर 182, मोबाइलवर 156. मग कुणीतरी म्हणतंच, "एवढे पैसे मोजून हे चुकीचंच दाखवतंय." काहीजण पहिल्याच दिवशी सेन्सर काढून टाकतात, तर काहीजण पुढचे चौदा दिवस त्याच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या ज्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यांच्यासाठी हा सेन्सर फार मोलाचा आहे. तो निव्वळ गैरसमजापोटी वाया जावा, हे वाईट आहे.

पहिला गैरसमज असा की सेन्सर रक्तातली साखर मोजतो. तो रक्तापर्यंत पोचतच नाही. लावताना टोचणारी सुई लगेच बाहेर येते. आत राहतो तो एक बारीक, लवचीक तंतू. फ्रीस्टाइल लिब्रे या सेन्सरमध्ये त्याची लांबी साधारण 5 मिलिमीटर असते. त्याच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असतं. या विकराची ग्लुकोजशी प्रक्रिया झाली की सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्याच्या प्रमाणावरून आकडा काढला जातो. विकर आणि विद्युतअग्र यांची ही जोडी अमेरिकेतल्या लिलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी 1962 मध्येच मांडली होती. तंतू ज्या द्रवात बुडालेला असतो तो त्वचेखालच्या पेशींमधला द्रव. साखर आधी रक्तात वाढते, मग केशवाहिन्यांमधून झिरपत या द्रवात येते. या प्रवासाला वेळ लागतो, साधारण पाच ते दहा मिनिटं, कधी थोडी जास्त.

आता वरचे दोन आकडे पुन्हा बघावेत. जेवण होऊन पाऊण तास झालाय, साखर चढतेय आणि मोबाइलवर बाण सरळ वर आहे. लिब्रेच्या भाषेत सरळ वरचा बाण म्हणजे मिनिटाला 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त वेग. दहा मिनिटांत 20 मिलिग्रॅमहून अधिक फरक तर एवढ्यानेच पडतो. त्यात मीटर तरी कुठे अचूक असतं? 2013 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 च्या वरच्या साखरेला मीटरच्या 95 टक्के नोंदी प्रयोगशाळेच्या आकड्यापासून 15 टक्क्यांच्या आत असल्या की ते मीटर उत्तीर्ण. म्हणजे खरी साखर 160 असताना मीटरने 136 दाखवलं काय किंवा 184 दाखवलं काय, दोन्ही नियमात बसतं. हल्लीच्या सेन्सरचा सरासरी फरक 8 ते 10 टक्क्यांच्या आसपास असतो. ही सरासरी आहे, त्यामुळे एखादी नोंद याहून बरीच लांब जाऊ शकते. दोन्ही यंत्रं ठीक असूनही आकडे जुळत नाहीत ते यामुळे. जुळवून बघायचंच असेल तर ते उपाशीपोटी किंवा जेवणाआधी, बाण आडवा असताना बघावं.

आणि बोट टोचण्याआधी हात धुवावेत, साध्या पाण्याने आणि साबणाने. जपानमधल्या डॉक्टरांनी 2011 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. संत्रं, द्राक्ष, किवी यांसारखी फळं सोलल्यावर हात न धुता बोटाचं रक्त तपासलं, तर आकडा खोटाच फुगलेला आला. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही तो पुरता उतरला नाही. पाण्याने हात धुतल्यावर मात्र ठीक आला. मे महिन्यात आंबे कापता कापता साखर तपासणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. पट्ट्यांची डबी पावसाळ्यात उघडी राहिली तर दमट हवेने पट्ट्या खराब होतात, आणि मग सेन्सरला खोटं पाडणारा साक्षीदारच खोटा निघतो.

पहिल्या दिवसाचा प्रश्न वेगळा आहे. तंतू आत गेला की त्या जागी छोटीशी जखम होते, किंचित सूज येते आणि सेन्सर स्थिरावायला वेळ लागतो. लिब्रेला सुरू व्हायला एक तास, डेक्सकॉम कंपनीच्या जी6 ला दोन तास, जी7 ला अर्धा तास लागतो. पण सुरू झाला म्हणजे स्थिरावला असं नाही. पहिल्या चोवीस तासांत आकडे जास्त हलतात. या काळातल्या एकट्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरवू नये, बोट टोचून खात्री करून घ्यावी.

सगळ्यात जास्त घबराट होते ती रात्री. पहाटे तीनला मोबाइल केकाटतो, आकडा 52. घरचे उठतात, साखरपाणी होतं आणि सकाळी साखर 230. आलेख नीट पाहिला तर खरी गोष्ट उलगडते. शंभरच्या आसपास सपाट चाललेली रेघ एकदम कडा कोसळल्यासारखी खाली येते आणि कूस बदलल्यावर तितक्याच झटक्याने वर जाते. ज्या दंडावर सेन्सर, त्याच कुशीवर झोपल्याने तिथला रक्तपुरवठा आणि द्रव दबतो. तंतूपाशी ग्लुकोज पोचत नाही आणि यंत्र कमी साखर दाखवतं. शरीरातली साखर खरंच घसरते तेव्हा रेघ सहसा उतारावरून खाली येते, असा तुटका खड्डा करत नाही. अशा वेळी आधी त्या कुशीवरून उठावं आणि बोट टोचावं. पण घाम फुटलाय, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय असं असेल तर तपासणीची वाट न बघता आधी साखर द्यावी. दंडावर थोडं मागच्या बाजूला, कुशीवर वळलं तरी दाब येणार नाही अशी जागा निवडली तर हा त्रास बराच कमी होतो.

साखर खरोखर कमी झाली की उलट प्रकारची चूक होते. समजा बोटाचा आकडा 62 आला. नियमाप्रमाणे तीन चमचे साखर, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम, पाण्यातून घेतली. पंधरा मिनिटं झाली तरी मोबाइलवर 58 आणि बाण खालीच. घरच्यांचा धीर सुटतो. मग आणखी साखर, वर दोन पेढे, एक केळं. दीड-दोन तासांनी सेन्सर 260 दाखवतो आणि लोक म्हणतात की याचा काही भरवसा नाही. त्या पंधराव्या मिनिटाला बोट टोचलं असतं तर कदाचित 85 दिसलं असतं, कारण साखर रक्तात पोचली होती, द्रवात पोचायची होती. कमी साखरेवर उपचार केल्यानंतरचा आकडा बोटाचाच घ्यावा, असं प्रशिक्षित मधुमेह शिक्षक बजावून सांगतात ते याचसाठी.

"सेन्सर लावला, आता मीटर देऊन टाका," हे म्हणूनच चालत नाही. त्रास एक सांगतोय आणि आकडा दुसरंच, अशा वेळी बोट टोचायलाच हवं. आकडा दिसतच नसेल, किंवा काही कारण नसताना तो उड्या मारत असेल, तेव्हाही तेच.

औषधांबाबत दोन टोकाचे समज आहेत. कुणाला वाटतं कुठल्याच गोळीचा परिणाम होत नाही, कुणी ताप आला तरी पॅरासिटामॉल घ्यायला घाबरतं. खरं तर हे यंत्रावर अवलंबून आहे. डेक्सकॉमच्या जुन्या सेन्सरवर आणि मेडट्रॉनिकच्या काही सेन्सरवर पॅरासिटामॉलने आकडा खोटा वर जायचा. डेक्सकॉम जी6 पासून प्रौढांना दर सहा तासांनी 1 ग्रॅमपर्यंत ते चालतं. लिब्रेला पॅरासिटामॉलची अडचण नाही, पण क जीवनसत्त्वाची आहे. लिब्रे 2 च्या माहितीपत्रकात दिवसाला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व घेतल्यास आकडा खोटा वाढू शकतो, अशी सूचना आहे. कोविडच्या काळापासून चघळायच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या घरोघरी आल्या आहेत, दिवसाला दोन खाल्ल्या की मर्यादा ओलांडली जाते. लिंबूपाण्याची धास्ती मात्र नको. एका लिंबातलं क जीवनसत्त्व त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही.

विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या डॉक्टरांनी आणखी एका औषधाकडे लक्ष द्यायला हवं. या भागांत आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया दिलं जातं. डेक्सकॉम आणि मेडट्रॉनिकच्या सेन्सरवर त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. खोट्या वाढीव आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर साखर जीवघेणी उतरू शकते. सिकलसेलमध्ये तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए1सी तपासणीही भरवशाची राहत नाही, त्यामुळे दोन्हीकडून दिशाभूल होण्याचा धोका असतो.

एचबीए1सीवरून आणखी एक शंका वारंवार येते. सेन्सरच्या सरासरीवरून मोबाइल 6.9 सांगतो आणि प्रयोगशाळा 7.6. इथेही यंत्र बिघडलंय असं लगेच धरू नये. लोहाच्या कमतरतेने एचबीए1सी खोटं वाढू शकतं, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिनचा अहवाल शेजारी ठेवला तर अनेकदा कोडं सुटतं.

जागा आणि उन्हाळा हे साधे वाटणारे मुद्देही आकडे बिघडवू शकतात. इन्सुलिन टोचून टोचून जिथे गाठ झाली आहे, व्रण आहे किंवा तीळ आहे, तिथे सेन्सर लावू नये. त्वचेवर तेल किंवा लोशन नसावं, आणि स्पिरिट पूर्ण वाळल्यावरच चिकटवावा. प्रत्येक वेळी हात बदलावा. न उघडलेल्या खोक्यावर तापमानाची मर्यादा छापलेली असते, कंपनीनुसार वरची मर्यादा 25 ते 30 अंशांच्या आसपास. नागपूर-चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये दुपारभर गाडीत राहिलेलं खोकं त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. औषधाच्या दुकानातून घेताना ते कुठे ठेवलं होतं हे विचारायला संकोच करू नये.

"मीटरचा आकडा भरून सेन्सर सुधारून घेतो," असंही काहीजण म्हणतात. लिब्रे कारखान्यातच जुळवून येतो, त्याच्या स्वतःच्या ॲपमध्ये आकडा भरायची सोयच नाही. डेक्सकॉममध्ये ती आहे, पण साखर झपाट्याने चढत किंवा उतरत असताना बोटाचा आकडा भरला तर चांगला चाललेला सेन्सरही भरकटतो.

न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांच्या आणि अंगठ्यांच्या जाहिराती आता मराठीतही दिसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट इशारा दिला की त्वचेला न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. सेन्सरचा आकडा घड्याळावर दिसणं ही वेगळी गोष्ट, ती सोय खरी आहे. घड्याळाने स्वतः मोजलेल्या साखरेवर मात्र इन्सुलिन घेणं धोक्याचं आहे.

डॉक्टरांकडे जाताना एकटादुकटा आकडा न नेता चौदा दिवसांचा अहवाल न्यावा. 2019 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार त्यातल्या निदान 70 टक्के वेळेच्या नोंदी हव्यात. बहुतेक प्रौढांसाठी 70 ते 180 च्या पट्ट्यात दिवसाचा 70 टक्क्यांहून जास्त वेळ आणि 70 च्या खाली 4 टक्क्यांपेक्षा कमी वेळ, हे लक्ष्य धरतात. गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी ते वेगळं असतं. पहिल्या पिढीच्या लिब्रेत आठ तासांपुरत्याच नोंदी साठतात, त्यामुळे झोपताना आणि उठल्याबरोबर स्कॅन करणं चुकलं की रात्रीचा काही भाग कोराच राहतो. कुठल्या रात्री कुशीखाली दाबून खोटी साखर उतरली, कुठल्या दिवशी ताप होता, कधी गोळी चुकली, हे अहवालाच्या कडेला पेनाने लिहून न्यावं. नाहीतर पहाटेचा तो खोटा खड्डा खरा समजून रात्रीचं इन्सुलिन विनाकारण कमी केलं जाण्याची शक्यता असते.