आमच्या गावचा वीरगळ

आमच्या गावात मारुतीच्या देवळापुढे एक कोरीव दगड उभा आहे. त्याला वीरगळ म्हणतात. लढून मेलेल्या वीराची ती आठवण असते. वीरगळ खालून वर बघायचा. खाली लढाई असते. आमच्या दगडावर तिथे गाई पण आहेत. म्हणजे हा वीर गुरे वाचवताना मेला. मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. वर तो महादेवाच्या पिंडीची पूजा करतो. शेंड्याला चंद्र-सूर्य असतात. ते आहेत तोवर वीराची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई आहे!

आमच्या वीरगळावर नाव लिहिलेले नाही. चित्र हीच त्याची ओळख. पण कुणीकुणी त्यावर विळे घासतात. चित्र झिजले तर वीर कसा कळणार? काका, दादा, विळ्याला दुसरा दगड घ्या ना!