गर्दीच्या वर्गातून वॉर्डाकडे

टीम-बेस्ड लर्निंग, म्हणजे टीबीएल, ही मुळात डॉक्टरांची पद्धत नव्हे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन व्यवस्थापनशास्त्र शिकवत. ४० विद्यार्थ्यांचा त्यांचा वर्ग १२० वर गेला. व्याख्यान ठोकून मोकळे व्हायची आयती सबब मिळाली होती. त्यांनी मात्र त्याच हॉलमध्ये गट पाडले आणि केसवरची चर्चा चालू ठेवली.

मेडिकल कॉलेजांना गटात शिकणे नवे नव्हते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ पासून प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग चालत होते. पण तिथे सात-आठ जणांच्या प्रत्येक गटामागे एक शिक्षक लागे. टीबीएलमध्ये सबंध वर्गाला एक पुरतो. २००१ च्या सुमारास ह्यूस्टनच्या बेलर मेडिकल कॉलेजने सरकारी अनुदानावर तिचा प्रसार हाती घेतला. २००७ मध्ये सिंगापूरच्या ड्यूक-एनयूएस मेडिकल स्कूलची पहिली तुकडी तर व्याख्यानांऐवजी याच धर्तीवर शिकू लागली. माझ्या मते शिक्षणशास्त्रापेक्षा शिक्षकटंचाईनेच तिला दार उघडून दिले, आणि त्यात कमीपणा काही नाही.

खरी गंमत टीबीएलच्या स्क्रॅच कार्डात आहे. मुले घरून वाचून येतात, आधी एकेकट्याने चाचणी देतात, मग तेच प्रश्न टीमने सोडवायचे. पर्यायावरचा मुलामा खरवडला की बरोबर उत्तराखाली चांदणी दिसते. पहिल्या फटक्यात सापडली तर पूर्ण गुण, नंतर घटत जातात. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी समोर असतो, चौघे ‘बी’ म्हणतात, कोपऱ्यातली अबोल मुलगी ‘डी’वर अडून बसते. नाणे कार्डावर टेकलेले, आणि आता तिला कारण सांगावेच लागते. पुढे वॉर्डात सिनियरला ‘सर, हा डोस जास्त वाटतोय’ म्हणायची तालीम इथेच होते.

आपल्याकडे २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने व्याख्यानांना एक तृतीयांश वेळेची मर्यादा घातली. उरलेल्या वेळाचे करायचे काय, या प्रश्नावर टीबीएल हे एक उत्तर होते. दीडशे-दोनशेच्या बॅचला तर परवडणारेही. अडचण वाचून येण्याची. उद्या इंटर्नल परीक्षा असेल तर आजचे वाचन कोण करणार? काही ठिकाणी मग शिक्षकच आधी पीपीटी दाखवतात, त्यावर चाचणी घेतात आणि वहीत टीबीएल झाल्याची नोंद करतात. ते टीबीएल नव्हे, व्याख्यानाला जोडलेली प्रश्नमंजुषा झाली.

मूळ पद्धतीत अपिलाचीही सोय आहे. प्रश्नच चुकला असे टीमला वाटले, तर पुस्तकाचा आधार देऊन तसे शिक्षकाला लेखी कळवायचे. अपील मान्य झाले तर गुण मिळतात, पण फक्त अपील करणाऱ्या टीमला.