लोन फिटलं, आता नोकरी कशाला?

दहिसरच्या जुन्या सोसायट्यांमध्ये हा प्रश्न हल्ली बराच ऐकू येतो. घराचं लोन फिटलंय, मुलं मार्गी लागलीत, इमारत रिडेव्हलपमेंटला गेलीय, वय पन्नास-पंचावन्न. मग कुणीतरी म्हणतं, "आता सोडून द्या की!" सल्ला प्रेमाचा असतो. पण पैसा पुरेल का आणि काम सोडावं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते एकाच दमात सोडवायला बसतो. समजुतींचा घोळ तिथूनच सुरू होतो.

"फ्लॅट दीड कोटीचा आहे, काळजी कसली?" राहतं घर महिन्याला काही देत नाही, उलट मेंटेनन्स मागतं. ते विकून वसई-विरारच्या पुढे जायची खरंच तयारी असेल, तरच त्याची किंमत हिशेबात धरावी. रिडेव्हलपमेंटमध्ये मिळणारा कॉर्पस ही लॉटरी नाही. लिफ्ट, पार्किंग, पंप, सिक्युरिटी यांमुळे टॉवरचा मेंटेनन्स जुन्या चार मजली इमारतीपेक्षा बराच वाढतो, त्याची सोय म्हणून तो असतो.

"वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट साठले की सुटलो." हा आकडा विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने 1994 मध्ये मांडलेल्या हिशेबातून आला. त्यात बाजार अमेरिकेचा होता आणि मुदत 30 वर्षांची. बावन्नाव्या वर्षी घरी बसणाऱ्याला, विशेषतः बायको वयाने लहान असेल तर, चाळीस वर्षांची तरतूद लागू शकते. महागाई 6 टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो: आजचे 50 हजार तेव्हा एक लाख, आणखी बारा वर्षांनी दोन लाख.

"पेन्शन आणि पोस्ट आहेच." पीएफच्या पेन्शनला किमान 10 वर्षांची सेवा लागते आणि पूर्ण पेन्शन 58 व्या वर्षी मिळतं. पन्नाशीनंतर आधी घेता येतं, पण 58 ला जितकी वर्षं कमी, त्या दर वर्षामागे 4 टक्के कात्री. शिवाय पगार 15 हजारांच्या मर्यादेत धरला गेला असेल, तर 35 वर्षांच्या सेवेलाही महिना 7,500 च येतात. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरची. निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ती 55 पासून खुली आहे, तीही निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. बावन्नाव्या वर्षी राजीनामा देणाऱ्या खासगी नोकरदाराला ते खातं उघडता येत नाही. ग्रॅच्युइटीबाबत मात्र लोक उगाच घाबरतात. ती साठीलाच मिळते असं नाही. पाच वर्षांची सलग सेवा झाली असेल तर राजीनामा देणाऱ्यालाही मिळते.

आता दुसरा प्रश्न. "कंटाळा आला, म्हणजे सोडायची वेळ झाली." कशाचा कंटाळा, ते आधी नीट बघा. दहिसर ते चर्चगेट सुमारे 36 किलोमीटर; रोज जाऊन-येऊन 72. तीस वर्षं हे केलेल्या माणसाला अनेकदा कामाचा नव्हे, लोकलचा वीट आलेला असतो. अंधेरीपर्यंतचं काम मिळालं तर 2022-23 पासून मेट्रो 2ए आणि 7 आहेत. आठवड्यातून तीन दिवस, सल्लागार म्हणून, कमी पगारावर, असं विचारायला पैशाची निकड नसलेला माणूस सगळ्यात मोकळा असतो. तरी राजीनाम्याआधी हे विचारणारे थोडेच.

"रिटायर झाला की माणूस खचतो, लवकर जातो." शेल ऑइलच्या कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास 2005 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. 55 ला निवृत्त झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं खरं, पण साठीला निवृत्त झालेले आणि पासष्टीला निवृत्त झालेले यांच्यात फरक नव्हता. मुळात प्रकृती बरी नसलेले लवकर बाहेर पडतात, त्यामुळे दोष निवृत्तीच्या माथी मारता येत नाही. निवृत्तीनंतरच्या रिकाम्या वेळाचे बेतही मात्र नेहमी आपल्या हातात नसतात. एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीच्या 14 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी 2019 च्या योजनेत स्वेच्छानिवृत्ती घेतली. 31 जानेवारी 2020 हा त्यांचा शेवटचा दिवस, आणि दोन महिन्यांच्या आत लॉकडाऊन लागला.

आणि एक समजूत, जी फक्त बायकांच्या वाट्याला येते. "नवऱ्याचा पगार चांगला आहे, तुला काय गरज?" पुरुषाला हा प्रश्न अठ्ठावन्नाव्या वर्षी विचारतात, बाईला पस्तिसाव्या वर्षी. नोकरी सोडली की ती 'घरी बसते', असंही म्हणतात. देशाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. म्हणजे नोकरी सुटते ती पगाराची, दुसरी पाच तासांची ड्युटी चालूच राहते. सोबत स्वतःच्या नावावरचा पीएफ थांबतो, आणि दहा वर्षं भरायच्या आत बाहेर पडली तर पेन्शनचा हक्कही हुकतो. घरात पैसा पुरेसा आहे, हे तिच्या नावावर पैसा असण्यासारखं नाही. माझ्या मते 'गरज नाही' हा शब्द उच्चारायचा अधिकार फक्त कमावणाऱ्या माणसाला आहे, भोवतालच्यांना नाही.

इतकं सगळं पटून राजीनामा द्यायचाच ठरलं, तर एक काम आधी उरका. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि पन्नाशीत बीपी-शुगर नसलेलं घर विरळा. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण कंपनी वय आणि आजार बघून निर्णय घेते. म्हणून नोकरीत असतानाच अर्ज करा, पॉलिसी हातात येऊ द्या, आणि मगच एचआरकडे जा.